लष्कराच्या भाकरी आणि भाजणाऱ्याची तब्येत

विषय

मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, घराबाहेरच्या माणसांसाठी, स्वखुशीने दिलेला वेळ आणि श्रम म्हणजे स्वयंसेवा. ही व्याख्या तीन पायांवर उभी आहे: मोबदला नसणे, काम परक्यासाठी असणे आणि ते आपखुशीने केलेले असणे. मराठीत या कामाकडे पाहण्याच्या दोन रीती जुन्या आहेत. पालखीच्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चेपणारा किंवा दिंडीला पाणी वाटणारा स्वतःला भाग्यवान समजतो, कारण त्याच्या लेखी ते पुण्य असते. त्याच माणसाने वर्षभर गावकीची कामे अंगावर घेतली की शेजारीपाजारी म्हणतात, हा घरचे खाऊन लष्कराच्या भाकरी भाजतो. पहिल्या रीतीत करणाऱ्याचा फायदा गृहीत धरलेला आहे, दुसरीत तोटा. गेल्या काही दशकांत वैद्यक आणि समाजशास्त्राने हाच प्रश्न मोजून पाहायला घेतला. लष्कराचे पोट भरले की नाही ते वेगळे. भाजणाऱ्याच्या तब्येतीचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

संशय

अमेरिकी अभ्यासक फ्रँक रीसमन यांनी १९६५ साली असे मांडले की मदत घेणाऱ्याला गुण येवो न येवो, मदत करणाऱ्याला तो पुष्कळदा येतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅलन लक्स यांनी मदत केल्यानंतर अंगात येणाऱ्या तरतरीविषयी लिहिले आणि ती कल्पना सर्वतोमुखी झाली. पुढे हजारो माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारे अभ्यास झाले. स्वयंसेवक अधिक काळ जगतात, कमी खचतात, म्हातारपणी हिंडतेफिरते राहतात, असे त्यांत पुन्हा पुन्हा दिसले. दिसले याबद्दल वाद नाही. वाद आहे तो अर्थाबद्दल. सेवेमुळे तब्येत सुधारते, की तब्येत धड असलेलेच सेवेला येतात? आणि सुधारत असेल तर कोणाची, किती कामाने आणि कोणत्या अटींवर? पुढील वादात पूर्वपक्ष शंका घेणाऱ्यांचा आहे आणि उत्तरपक्ष स्वयंसेवेचा गुण मानणाऱ्यांचा.

कारण कोणते, कार्य कोणते

पूर्वपक्ष : आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? दुसऱ्यासाठी झिजायला आधी स्वतःजवळ काही शिल्लक लागते: चालते गुडघे, मोकळी दुपार, महिन्याची चिंता मिटवणारी पेन्शन. अंथरुणाला खिळलेला माणूस स्वयंसेवकांच्या यादीत येतच नाही. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या भारतीय स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. रोजचे पाच तास असे गेल्यावर संस्थेच्या कामाला कोणाला फुरसत मिळते, हे उघड आहे. तेव्हा स्वयंसेवकांची यादी ही मुळातच बऱ्या स्थितीतल्या माणसांची यादी असते. त्यांचे आयुष्य जास्त भरले तर त्यात सेवेचा पराक्रम कोणता?

उत्तरपक्ष : हा आक्षेप अभ्यासकांनीच आधी स्वतःवर घेतला. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात ५५ वर्षांवरील १,९७२ रहिवाशांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. दोन किंवा अधिक संस्थांसाठी काम करणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण, वय आणि लिंग जमेस धरून, काम न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी कमी आढळले. मग आधीचे आजार, सवयी, सामाजिक आधार अशा गोष्टींचा हिशेब वेगळा काढला, तरी ४४ टक्के फरक उरला. २०१३ साली अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात मृत्यूचा धोका कच्च्या हिशेबात ४७ टक्क्यांनी आणि पक्क्या हिशेबात २४ टक्क्यांनी कमी निघाला. त्याच वर्षी ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी केलेल्या आढाव्यात ही घट २२ टक्के आली. फरक आटतो, पण नाहीसा होत नाही.

पूर्वपक्ष : कांद्याचा एकेक पापुद्रा काढावा तसा हा आकडा लहान होत जातो. जे मोजता आले ते वजा केल्यावर तो निम्म्यावर येत असेल, तर जे मोजता आले नाही ते वजा केल्यावर किती उरेल? आनंदी स्वभाव, लहानपणीचे पोषण, शेजाऱ्यांत असलेली पत या गोष्टी प्रश्नावलीत पुरत्या उतरत नाहीत. शिवाय उलटी वाटही आहे. पुढच्या वर्षी दगावणाऱ्या माणसाची प्रकृती यंदाच ढासळू लागलेली असते आणि म्हणून त्याने काम सोडलेले असते. काम सोडल्याने तो गेला, असा हिशेब मांडणे म्हणजे धुरामुळे आग लागली म्हणणे.

उत्तरपक्ष : एवढे मान्य करावे लागेल. निव्वळ निरीक्षणातून या वादाचा निकाल लागत नाही. त्यासाठी माणसांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटावे लागते: एकाला काम द्यायचे, दुसऱ्याला थांबवून ठेवायचे आणि मग दोघांची प्रकृती पाहायची. असे प्रयोगही झाले आहेत.

चिठ्ठ्या टाकून केलेले प्रयोग

उत्तरपक्ष : पश्चिम कॅनडातील एका शहरात दहावीच्या १०६ विद्यार्थ्यांची अशी वाटणी केली गेली. एका गटाने दोन महिने, आठवड्यातून एकदा, प्राथमिक शाळेतल्या मुलांसोबत काम केले. दुसऱ्या गटाची पाळी नंतर यायची होती. २०१३ साली आलेल्या निष्कर्षांनुसार काम केलेल्या मुलांच्या रक्तात दाह दाखवणारे एक द्रव्य आणि एकूण कोलेस्टेरॉल कमी आढळले. उंचीच्या मानाने वजनही कमी आढळले. ज्यांच्या मनात परदुःखाची जाण सर्वाधिक वाढली, त्यांच्यात हा फरक सर्वांत मोठा होता.

दुसरा प्रयोग अमेरिकेतील बाल्टिमोरचा. ‘एक्स्पीरियन्स कोअर’ या कार्यक्रमात साठीपुढची माणसे आठवड्याला १५ तास प्राथमिक शाळांत जात, मुलांना वाचायला मदत करत, ग्रंथालय सांभाळत. त्यासाठी ७०२ जणांची चिठ्ठ्या टाकून विभागणी झाली. त्यांतल्या १११ जणांच्या मेंदूची चित्रे दोन वर्षे घेतली गेली. शाळेत जाणाऱ्या पुरुषांमध्ये मेंदूचे, विशेषतः स्मरणाशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाचे, आकारमान वयानुसार घटण्याऐवजी किंचित वाढलेले दिसले. शाळेत जाणाऱ्या स्त्रिया तुलना-गटातल्या स्त्रियांपेक्षा अधिक चालू लागल्या.

पूर्वपक्ष : मेंदूचा गुण पुरुषांत, चालण्याचा गुण स्त्रियांत! अनेक गोष्टी अनेक गटांत मोजल्या की कुठेतरी फरक सापडतोच, आणि जिथे सापडतो तिथेच बोट ठेवले जाते. या क्षेत्रातले कित्येक प्रयोग फारच लहान आहेत. मेंदू आणि मज्जारज्जूच्या एका चिवट आजाराच्या रुग्णांना फोनवर आधार देणाऱ्या रुग्णांचा १९९९चा अभ्यास सारखा उद्धृत होतो. त्यात आधार देणारे होते अवघे पाच. उलट २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २९३ महाविद्यालयीन विद्यार्थी होते. काय मोजणार आणि कसे मोजणार हे त्यांनी आधीच जाहीर केले होते. सेवाकार्यामुळे त्यांच्या मनःस्वास्थ्यात फरक पडल्याचे आढळले नाही. एक्सेटरच्या ज्या आढाव्यातून २२ टक्क्यांचा आकडा घेतला, त्याच आढाव्याने असेही नोंदवले की प्रयोगांतून या फायद्यांना सातत्याने दुजोरा मिळत नाही.

उत्तरपक्ष : लहान प्रयोगांवर इमारत उभी करू नये, हे बरोबर. पण महाविद्यालयीन मुलांना गुण आला नाही म्हणून तो कोणालाच येत नाही, असे होत नाही. ब्रिटनमधील कुटुंबांच्या दीर्घकालीन सर्वेक्षणातील ६६ हजारांहून अधिक नोंदी २०१६ साली तपासल्या गेल्या. स्वयंसेवा आणि मनःस्वास्थ्य यांचा संबंध साधारण चाळिशीनंतर दिसू लागतो आणि उतारवयातही टिकतो, असे त्यात आढळले. विशीतल्या मुलाला वर्ग आहे, मित्र आहेत, पुढचा पेपर आहे. त्याच्या दिवसाला आकार असतोच. निवृत्त माणसाचा दिवस एका तारखेपासून मोकळा होतो. जिथे पोकळी आहे तिथेच भर पडलेली जाणवते.

गुण येतो तो कोणत्या वाटेने

पूर्वपक्ष : गुण येत असेल तर तो शरीरात कुठून शिरतो, हे दाखवता आले पाहिजे. नाहीतर पुण्याचेच नवे नाव आरोग्य, एवढाच अर्थ उरतो.

उत्तरपक्ष : त्या वाटा साध्या आहेत. पहिली पायांची: काम असले की माणूस अंघोळ करून, कपडे बदलून घराबाहेर पडतो, जिने चढतो, बसथांब्यापर्यंत चालतो. दुसरी डोक्याची: मुलाला वाचायला शिकवताना, नोंदवही लिहिताना, नवी नावे लक्षात ठेवताना बुद्धीला काम मिळते. तिसरी माणसांची: आज आला नाहीत का, असे विचारणारे कोणीतरी असते. चौथी वाट ताणाची आहे. डेट्रॉइट परिसरातील ८४६ माणसांच्या पाहणीत, गेल्या वर्षभरात घराबाहेरच्या कोणाला मदत न केलेल्यांमध्ये आयुष्यातल्या मोठ्या आघातांनी मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. मदत केलेल्यांमध्ये तो तसा वाढला नाही.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात हा अनुभव रोजचा आहे. मद्यपाश सोडवू पाहणाऱ्यांच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, उपचारांच्या काळात दुसऱ्या व्यसनींना मदत करणाऱ्यांपैकी ४० टक्के लोक पुढचे वर्षभर दारूपासून दूर राहिले. मदत न करणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. पुण्याच्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांत व्यसनातून बाहेर पडलेलीच माणसे नव्याने आलेल्यांना हात देतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

पूर्वपक्ष : चारही वाटांवर स्वयंसेवेखेरीज दुसरीही वाहने चालतात. सकाळी टेकडीवर फिरायला जाणारा चालतो, भजनी मंडळात जाणाऱ्याला माणसे भेटतात, शब्दकोडे सोडवणाऱ्याचे डोके चालते. जे दारू सोडण्याच्या निश्चयाचे पक्के होते, तेच मदतीला पुढे आले असतील. शिवाय अमेरिकेतील पन्नाशीपुढच्या १२,९९८ जणांचा २०२०चा अभ्यास काय सांगतो? वर्षाला शंभर किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत मृत्यूचा धोका कमी होता, हालचालींवर मर्यादा कमी आल्या, आशावाद आणि जगण्यातला हेतू अधिक होता. पण मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, सांधेदुखी यांच्याशी स्पष्ट संबंध आढळला नाही. जे औषध एकाही मोठ्या रोगाला शिवत नाही, ते मृत्यू कसा टाळते?

उत्तरपक्ष : हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर आज हाती नाही. मात्र त्यातून स्वयंसेवेचे स्वरूप उलगडते. ती रोगावरचा उतारा दिसत नाही; उभे राहण्याची, बाहेर पडण्याची आणि जगण्याची इच्छा टिकवणारी गोष्ट दिसते. तसेच टेकडी, भजन आणि शब्दकोडे ही तीन कामे तीन ठिकाणी करावी लागतात, शाळेतल्या दोन तासांत ती एकत्र होतात. आणि टेकडीवर न गेल्यास कोणाचे अडत नाही. शाळेत मूल वाट पाहत असते, म्हणून कंटाळ्याच्या दिवशीही पाय निघतो.

मात्रा

पूर्वपक्ष : मूल वाट पाहते म्हणून पाय निघतो, हे खरे असेल तर तोच पाय कधी थांबत नाही, हेही खरे. प्रत्येक संस्थेत दोन-चार माणसे असतात. खुर्च्या मांडण्यापासून हिशेबापर्यंत सगळे त्यांच्याच गळ्यात पडते आणि ती वठून जाईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

उत्तरपक्ष : इथे दोन्ही पक्षांत फार अंतर नाही. १९९९च्या एका अमेरिकी अभ्यासात ६५ वर्षांवरील लोकांमध्ये एकाच संस्थेसाठी किंवा वर्षाला चाळीस तासांपर्यंत काम करणाऱ्यांना सर्वाधिक लाभ दिसला. त्यापलीकडे तो वाढत गेला नाही. २०२०च्या अभ्यासातली शंभर तासांची रेषा म्हणजे आठवड्याला सुमारे दोन तास. रक्तदाबाबाबतच्या २०१३च्या एका अभ्यासात मात्र ती २०० तासांवर होती, आणि रक्तदाबाचा तो गुण २०२०च्या मोठ्या अभ्यासात पुन्हा दिसला नाही. म्हणजे नेमका आकडा ठरलेला नाही, पण आठवड्याला एक ते चार तासांच्या आसपासच तो घुटमळतो. २४ सप्टेंबर १९६९ रोजी गांधीजन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास देणे अपेक्षित असते. तो आकडा आरोग्यशास्त्र पाहून ठरवलेला नव्हता, तरी याच पट्ट्यात येतो.

इजा

पूर्वपक्ष : पण सगळी सेवा वाचनालयात बसून होत नाही. ‘पानी फाउंडेशन’ची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. जलसंधारणाचे असे श्रमदान पावसाळ्यापूर्वी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात करावे लागते. बैठ्या कामाची सवय असलेल्या पाहुण्या श्रमदात्याच्या कमरेवर आणि हृदयावर त्याचा भार पडतो. मनावरचा भार त्याहून खोल. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्यावर काम केलेल्या २८,९६२ जणांची दोन-तीन वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा आघातोत्तर तणाव विकाराची लक्षणे एकूण १२.४ टक्के लोकांत आढळली. पोलिसांत हे प्रमाण ६.२ टक्के होते आणि कोणत्याही संस्थेशी न जोडलेल्या स्वयंसेवकांत २१.२ टक्के. दोघेही एकाच ढिगाऱ्यावर उभे होते.

उत्तरपक्ष : ढिगारा एक होता, तयारी एक नव्हती. पोलिसाला प्रशिक्षण होते, वरिष्ठ होते, पाळी संपल्यावर परतायला तुकडी होती. उत्स्फूर्तपणे धावून आलेल्याला यांतले काहीच नव्हते. अनेकांनी आपल्या व्यवसायाशी संबंध नसलेले काम अंगावर घेतले होते. त्या पाहणीत पूर्वतयारीचा अभाव आणि सवयीबाहेरचे काम या गोष्टी धोक्याशी जोडलेल्या आढळल्या. म्हणून दोष धावून जाण्याचा नाही, एकट्याने आणि अप्रशिक्षित धावून जाण्याचा आहे. सह्याद्रीत दरीत अडकलेल्यांना बाहेर काढणारी गिर्यारोहकांची पथके दोराचा सराव वर्षभर करतात ती याचसाठी. श्रमदानातही पहाटेची वेळ, पाण्याची सोय आणि ज्याला झेपेल तेवढेच काम, एवढ्या पथ्याने पुष्कळ इजा टळते.

हेतू आणि स्वखुशी

पूर्वपक्ष : शेवटचा आणि सर्वांत अवघड आक्षेप असा. आरोग्यासाठी सेवा करा, असा प्रचार सुरू झाला की ती सेवा राहत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या दीर्घकालीन अभ्यासात चार वर्षांत स्वयंसेवा न करणाऱ्यांपैकी ४.३ टक्के लोक मरण पावले, स्वतःच्या फायद्यासाठी करणाऱ्यांपैकी ४ टक्के आणि इतरांसाठी करणाऱ्यांपैकी १.६ टक्के. जो फळासाठी आला त्याला फळ जवळपास मिळालेच नाही. म्हणजे हे असे औषध, की औषध म्हणून घेतले तर लागू पडत नाही.

उत्तरपक्ष : माणसाचे हेतू एकेकटे राहत नाहीत. वेळ जावा म्हणून आलेला मुलांसाठी थांबतो. कॅनडातली मुलेही चिठ्ठीत नाव निघाले म्हणून गेली होती. परदुःखाची जाण नंतर वाढली. तेव्हा येण्याचे कारण काहीही असो, टिकण्याचे कारण बदलू शकते.

पूर्वपक्ष : येणेच ऐच्छिक नसेल तर? २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून उभ्या राहिलेल्या आशांना मराठीत ‘आशा स्वयंसेविका’ म्हणतात. लसीकरण, बाळंतिणीची विचारपूस, साथीच्या काळातली घरोघरची पाहणी ही कामे त्या करतात आणि त्यांचा मोबदला दीर्घकाळ मुख्यतः कामागणिक मोजला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. त्याच आशांना महाराष्ट्रात मोबदल्यासाठी वारंवार संप करावे लागले. स्वयंसेवेने आयुष्य वाढते असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

उत्तरपक्ष : त्यांना ते सांगूच नये. मदत आपल्या इच्छेने केली तर करणाऱ्याला समाधान लाभते आणि दबावाखाली केली तर लाभत नाही, असे नेटा वाइनस्टाइन आणि रिचर्ड रायन यांच्या २०१०च्या प्रयोगमालिकेत दिसले. ज्या कामावर घर चालते आणि जे नाकारता येत नाही ती नोकरी आहे; तिला स्वयंसेवा म्हटल्याने तिच्यात स्वयंसेवेचा गुण येत नाही. बाल्टिमोरच्या आजी-आजोबांनाही खर्चासाठी थोडा भत्ता मिळत होता, तरी त्यांचा गुण गेला नाही. भत्त्याने स्वखुशी संपत नाही. नाही म्हणण्याची सोय गेली की ती संपते.

निर्णय

दोन्ही पक्षांचे ऐकून पुढील गोष्टी ठरतात. स्वयंसेवक इतरांपेक्षा निरोगी असतात हे पक्के आहे, पण त्यातला मोठा वाटा निवडीचा आहे; सेवेमुळे घडणारा भाग प्रचारात सांगितला जातो त्याहून लहान आहे. तो लहान भाग उतारवयात, नोकरी किंवा जोडीदार गमावलेल्यांत आणि दिवस रिकामा पडलेल्यांत अधिक संभवतो. गुण येतो तो मुख्यतः मनःस्वास्थ्याला आणि हिंडण्याफिरण्याच्या शक्तीला. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकारावरील उपचारांची जागा सेवा घेऊ शकत नाही. आठवड्याला दोन-चार तास पुरतात. संकटातली सेवा प्रशिक्षणाशिवाय केली तर करणाऱ्यालाच रुग्ण करू शकते.

यांतून जबाबदारीही ठरते आणि ती बव्हंशी संस्थांवर येते. कामाचे तास आधी सांगणे, एकाच माणसावर सगळे न टाकणे, प्रवासखर्च देणे, जोखमीच्या कामाआधी शिकवणे आणि नंतर विचारपूस करणे, आणि थांबावेसे वाटणाऱ्याला अपराधी न वाटू देता मोकळे करणे, ही स्वयंसेवकाच्या आरोग्याची पथ्ये आहेत. घरकामातून सुटका नसलेल्या स्त्रीला आणि दुखणाईताला सेवेत जागा हवी असेल तर काम त्यांच्या घराजवळ, बसून किंवा फोनवरून करता येईल असे आखावे लागते. नाहीतर ज्यांना गुण येण्याचा संभव अधिक, तेच बाहेर राहतात. आरंभीच्या व्याख्येतील तीन पायांपैकी मोबदल्याचा पाय थोडा झुकला तरी चालते, असे बाल्टिमोरने दाखवले. स्वखुशीचा पाय निघाला तर उरते ते बिनपगारी किंवा कमी पगाराचे काम, आणि त्याच्या परिणामांचा विचार कामगारांच्या आरोग्याच्या प्रकरणात करावा लागतो.